पहिल्यांदा बँड कंडक्ट करायला घेतोयस ना, म्हणजे समोर उभं राहून वाजवून घ्यायला? मग एवढंच सांभाळ

अरे वा, मस्तच! पण पहिल्याच सीझनला दहा गाणी नको काढूस, चार घे. मी पहिल्या वर्षी नऊ काढली होती आणि स्टेजवर सहाव्याला ट्रम्पेटवाल्यांचे ओठच गेले, पुढची तीन गाणी नुसती फूं फूं.

सूर मिळवताना सगळेच नवे घोळ घालतात. 'सगळ्यांनी सी वाजवा' (सी, जी, बी फ्लॅट ही पाश्चात्य सुरांची नावं) म्हणालास की संपलं, कारण ट्रम्पेट नि क्लॅरिनेट बहुतेक बी फ्लॅटचे असतात, त्यांनी कागदावरचा सी वाजवला की ऐकू येतो बी फ्लॅट, आणि आल्टो सॅक्सला त्याच सुरासाठी जी वाजवावा लागतो. म्हणून बासरी, पेटीला बी फ्लॅट सांग, ट्रम्पेट-क्लॅरिनेटला सी, आल्टोला जी. एवढं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहूनच ठेव. आणि एसी हॉलमध्ये आधी पाच मिनिटं वाजवून घ्या मगच सूर मिळवा, गार पितळेचा सूर उतरलेला असतो.

बाकी:
- ताल दाखवताना हाताच्या हालचाली छोट्या ठेव. पंखा झाल्यासारखे फिरवलेस की मागचे बघायचंच सोडतात.
- कागदात डोकं नको, ज्याची एन्ट्री आहे, म्हणजे जो वाजवायला सुरू करणार, त्याच्याकडे आधी बघ.
- तालमीत भाषण नको, 'अकराव्या बारपासून' (बार म्हणजे कागदावरच्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा) म्हण आणि सुरू कर.

रविवारची तालीम ठरवताना लोकलचा मेगाब्लॉक बघून घे हां, कळव्याचे ऐरोलीचे लोक अर्धा तास उशिरा येतात आणि तू उगाच त्यांच्यावर चिडतोस.

स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे सूर एकत्र लिहिलेला कागद, कसा वाचायचा ते दिवाळीनंतर बोलू, आत्ता नको.