मपेट शोमध्ये इतके मोठे पाहुणे यायचे कसे? आणि पडद्यामागे नेमकं काय चालायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. बॅले नर्तक नुरेयेव्ह, गायक एल्टन जॉन, विनोदी नट पीटर सेलर्स यांच्यासारखी माणसं कर्मिट नावाच्या एका बाहुल्या-बेडकाने चालवलेल्या टीव्हीच्या विनोदी कार्यक्रमात यायला तयार कशी झाली, आणि आल्यावर ती बाहुल्यांशी इतकी सहज कशी बोलायची? आधी दुसऱ्याचं उत्तर देतो, कारण ते माझ्या अंगावर आलेलं आहे.

मी शाळांमधून हातमोजा बाहुल्यांचे खेळ करतो. एका शाळेत खेळ संपल्यावर अध्यक्ष सत्काराला स्टेजवर आले. मी पडद्याच्या खाली, हात वर. त्यांनी शाल बाहुल्याच्या खांद्यावर घातली, त्याला वाकून नमस्कार केला आणि नारळ त्याच्याच हातात दिला. त्या हाताच्या आत माझं बोट होतं. नारळाच्या वजनाने बाहुला मान टाकून कोसळायला लागला, तर अध्यक्ष म्हणाले, "अहो, दमलात वाटतं!" हेही त्यालाच. मी तीन फूट खाली होतो, पण माझ्याकडे कोणी बघितलंच नाही.

मपेट शोचं सगळं रहस्य मला यातच दिसतं. १९७६ ते १९८१ या काळात पाच सीझन, प्रत्येकी चोवीस, म्हणजे एकूण १२० भाग झाले. पाहुण्याला खाली माणूस आहे हे पक्कं ठाऊक असायचं. तरी दोन मिनिटांत तो कर्मिटच्या डोळ्यांत बघून बोलायला लागायचा. १९५५ साली मपेटांचा जनक जिम हेन्सनने तो बेडूक बनवला तो आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून, आणि डोळे म्हणजे पिंगपाँगच्या बॉलची दोन अर्धी. बस, एवढंच.

आता ही नजर जुळण्यासाठी खाली काय कसरत चालायची ते ऐका. आपल्याकडे बाहुल्या म्हटलं की कळसूत्री हा शब्द तोंडात येतो. पण कळसूत्री म्हणजे वरून दोऱ्यांनी नाचवायच्या, कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळी करतात तशा. मपेटचं बरोबर उलटं आहे. माणूस खाली, बाहुला वर. म्हणून स्टुडिओतले सेट जमिनीपासून बरेच वर उचललेले असत आणि खाली बाहुलीवाले उभ्याने हात डोक्याच्या वर धरून चालत. पाहुणा मात्र हाडामांसाचा, त्याला तर पाय ठेवायला जमीन पाहिजे. मग त्याच्यासाठी मधे उंच फळ्या, आणि फळ्यांच्या कडेला बाहुलीवाल्यांचे खड्डे. पाहुण्याने नाचता नाचता एक पाऊल चुकवलं की तो थेट कोणाच्या तरी डोक्यावर. जिथे पाहुणा साध्या जमिनीवर असे, तिथे बाहुलीवाले चाकांच्या फळीवर आडवे होऊन सरकत.

वर बघायला तर त्यांना मिळतच नसे. समोर खाली ठेवलेल्या छोट्या टीव्हीवर, म्हणजे मॉनिटरवर बघून काम चालायचं. त्यातली गंमत अशी की ते चित्र आरशासारखं उलटं नसतं. बाहुलीला आपल्या डावीकडे वळवली की पडद्यावर ती उजवीकडे जाते. मी घरी मोबाइल समोर ठेवून हे करून बघितलंय. पहिले आठ दिवस माझा बाहुला प्रत्येक पाहुण्याकडे पाठ फिरवत होता. आणि बहुतेक मपेट डावखुरे का, तर चालवणाऱ्याचा उजवा हात तोंडात अडकलेला असतो, म्हणून. स्वीडिश शेफ या आचारी बाहुल्याचे हात तर खरे माणसाचे आहेत. तोंड आणि आवाज हेन्सनचा, हात त्याच्या जोडीच्या बाहुलीवाल्याचे, फ्रँक ऑझचे. दोघं एकमेकांना चिकटून उभे, आणि हात पुढे काय उचलणार हे तोंडाला ठाऊक नसायचं.

आता पाहुणे यायचे कसे. सुरुवातीला येतच नव्हते! अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी हेन्सनला नकार दिला होता, बाहुल्या म्हणजे पोरांचा खेळ म्हणून. पैसे घातले ते इंग्लंडच्या लू ग्रेड यांनी, म्हणून हा अमेरिकन कार्यक्रम लंडनजवळ बोरहॅमवूडला, त्यांच्या एटीव्ही या टीव्ही कंपनीच्या एल्स्ट्री स्टुडिओत बनला. पहिल्या सीझनला हेन्सनचा मॅनेजर बर्नी ब्रिलस्टीन ओळखीपाळखीच्या कलाकारांना गळ घालून आणायचा. "ये रे, एवढा एक आठवडा ये," अशातला प्रकार. लग्नाला माणसं कमी पडली की शेजाऱ्यांना बोलावतात तसं.

मग दुसऱ्या सीझनला रुडॉल्फ नुरेयेव्ह आला आणि चित्रच पालटलं. सोव्हिएत रशिया सोडून १९६१ साली पॅरिसमध्ये आश्रय मागितलेला, बॅलेतला त्या काळचा सगळ्यात मोठा पुरुष. त्याला दिलं काय, तर एका माणसाएवढ्या डुकरिणीबरोबर 'स्वाइन लेक', म्हणजे 'स्वान लेक' या प्रसिद्ध बॅलेची डुकरी नक्कल. त्या डुकरिणीच्या आत कोणी विदूषक नव्हता, रॉयल बॅलेचा नर्तक ग्रॅहम फ्लेचर होता, कारण नुरेयेव्हने उचलून फेकल्यावर तालात पडायचं म्हणजे त्यालाही बॅले यायलाच हवं. त्याच भागात सॅम नावाचा गरुड, ज्याला उच्च संस्कृतीचा भलता पुळका, तो "आज नुरेयेव्ह येणार" म्हणून हरखलेला असतो आणि साध्या कपड्यांत आलेल्या खुद्द नुरेयेव्हलाच बाहेर हाकलतो. पुढे बाष्पस्नानाच्या खोलीत टॉवेल गुंडाळलेल्या नुरेयेव्हच्या मागे शोची नायिका, डुकरीण मिस पिगी लागते, ते तर विचारूच नका. हा भाग लागल्यावर बाकीच्यांनी हिशोब केला: नुरेयेव्हची अब्रू डुकरिणीबरोबर नाचून गेली नाही, उलट वाढली, मग आपली कशाला जाईल? तिथून पुढे गळ घालावी लागली नाही.

पीटर सेलर्सचा भाग मला हसवतो आणि थोडा अस्वस्थही करतो. कर्मिट त्याला म्हणतो, इथे तुम्ही नुसते स्वतःसारखे वागा. सेलर्स सांगतो की ते अशक्य आहे, 'मी' असं काही नाहीच, पूर्वी होतं पण ऑपरेशन करून काढून टाकलं. विनोद म्हणून लिहिलेली वाक्यं. पण सेलर्स आयुष्यभर मुलाखतींतही जवळपास हेच सांगत आला होता. त्याने ते सांगितलं मात्र बेडकाकडे बघून, अगदी सरळ.

सगळ्यात जीव ओतलेला भाग म्हणाल तर गायक हॅरी बेलाफाँटेचा, तिसऱ्या सीझनचा. गिनीत एका कथेकऱ्याकडून ऐकलेल्या गोष्टीवरून 'टर्न द वर्ल्ड अराउंड' हे गाणं कसं सुचलं ते तो फॉझी अस्वलाला सांगतो, आणि मग आफ्रिकन मुखवट्यांच्या बाहुल्या त्याच्याभोवती फेर धरतात. कुठल्याही समाजाचा पूजेतला मुखवटा नकळत करमणुकीला वापरला जाऊ नये, याची काळजी बेलाफाँटेने मुखवटे घडत असतानाच घेतली होती. १९७० च्या दशकात, टीव्हीच्या विनोदी कार्यक्रमासाठी! १६ मे १९९० ला हेन्सन गेला, तेव्हा न्यूयॉर्कच्या कॅथीड्रलमधल्या स्मृतिसभेत बेलाफाँटेने हेच गाणं म्हटलं. काळे कपडे कोणी घालू नयेत, असं हेन्सननेच सांगून ठेवलं होतं.

त्याच भागात बेलाफाँटे आणि शोमधला ड्रमर बाहुला ॲनिमल यांची ड्रमची जुगलबंदी आहे, आणि इथे एक नाव सांगायलाच हवं. ॲनिमलला हलवायचा फ्रँक ऑझ, पण ड्रम वाजवायचे रॉनी व्हेरेल. टेड हीथच्या बँडमधले जुने जाणते ड्रमर. अभिनेत्री रीटा मोरेनो 'फीव्हर' गाताना मधेमधे धुडगूस घालणारा ॲनिमलही व्हेरेलच. शेवटी ती वैतागून दोन झांजांमध्ये त्याचं डोकं हाणते आणि तो खूश होऊन म्हणतो, ही खरी माझ्या पसंतीची बाई. या भागासाठी मोरेनोला १९७७ चं एमी, म्हणजे टीव्हीचं पारितोषिक मिळालं. ऑस्कर, टोनी, ग्रॅमी आधीच घरात होतं, चौथा कोपरा या बाहुल्यांनी भरला. पुढे पाचव्या सीझनला जॅझ ड्रमर बडी रिच आला, तोही ॲनिमलशी भिडला. जॅझ ऐकणारे लोक ती जुगलबंदी बाहुली म्हणून बघतच नाहीत. त्यांच्या लेखी ती रिच विरुद्ध व्हेरेल, आणि व्हेरेल पडद्यावर कुठेच नाहीत.

स्टार वॉर्सवाल्यांचा भाग (१९८०) लोकांना फार आवडतो, मला तितका नाही. पण योगायोग मस्त आहे. 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या स्टार वॉर्स सिनेमाचं चित्रीकरण त्याच बोरहॅमवूडमधल्या दुसऱ्या स्टुडिओत झालं होतं, आणि त्यातल्या योडा या बाहुल्याला चालवणारा म्हणजे मिस पिगीचाच फ्रँक ऑझ. एकाच हातावर ती आणि तो, दोघं.

मराठी माणसाने मात्र एडगर बर्गनचा भाग चुकवू नये. कारण सोपं आहे, तो अमेरिकेचा शब्दभ्रमकार. यशवंत पाध्यांनी आणलेला आणि रामदास पाध्यांनी पुढे चालवलेला अर्धवटराव ज्यांनी बघितलाय, त्यांना बर्गनचा चार्ली मॅकार्थी बघताच ओळखीचा वाटेल. एक डोळ्याचा चष्मा लावलेला, मालकाचा पाणउतारा करणारा. बर्गनचं नाव झालं ते रेडिओवर, म्हणजे ओठ हलतात की नाही हे कोणाला दिसत नसताना! आणि ते हलायचेही, चार्ली त्यावरून त्याला टोमणे मारायचा. हेन्सनसाठी हा माणूस गुरुस्थानी. बर्गन १९७८ मध्ये गेला, आणि पुढच्या वर्षी आलेला मपेटांचा पहिला सिनेमा त्यालाच अर्पण केलेला आहे.

ऐनवेळची फजितीही झाली. विनोदवीर रिचर्ड प्रायर येणार होता, आला नाही. मग शोच्याच एका लेखकाला पाहुणा म्हणून उभं केलं आणि "पाहुणा आलाच नाही" हीच त्या भागाची गोष्ट केली. २०२१ च्या फेब्रुवारीत मालिका डिस्ने प्लसवर आली तेव्हा हा भाग आणि ब्रूक शील्ड्सचा भाग असे दोन त्यात नव्हते.

शेवटचं एक, विनोदी नट स्टीव्ह मार्टिनचा भाग. एरवी शोमध्ये ऐकू येणारं हसणं नंतर चिकटवलेलं असे, कारण थिएटरमध्ये बसलेले प्रेक्षकही बाहुल्याच. पण या भागाची गोष्ट अशी की आज खेळ रद्द आहे, फक्त नव्या कलाकारांची चाचणी चाललीय. मग थिएटर रिकामं, म्हणून चिकटवलेलं हसू घातलंच नाही. मार्टिन फुगे पिळतो, बँजो वाजवतो, आणि तरी हसणं ऐकू येतं. सुटंसुटं, मधेच दाबलेलं, मधेच फुटलेलं. हेडफोन लावून ऐका. ते फळ्यांच्या खालून येतंय, हात वर धरून उभ्या असलेल्या माणसांचं.