‘वंश’, ‘वर्ण’ आणि ‘आपल्यातले’

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून, बी.ए.ला समाजशास्त्र घेतलेल्या ताईंनी विचारलं आहे: ‘आमच्या पुस्तकात एथ्निसिटीला वांशिकता म्हटलंय. रेसिझमला कुठे वंशवाद, कुठे वर्णद्वेष. घरी आजी वंशाचा दिवा म्हणते, तो वंश हाच का? आणि आपली जात यात कुठे बसते?’

ताई, शब्द तोच आहे. संस्कृतात वंश म्हणजे मुळात वेळू. बांबूला पेरावर पेर चढत जातं, तशी पिढीवर पिढी. म्हणून वंश म्हणजे कूळ. घराचा ‘वासा’ही याच शब्दातून आला. गडचिरोलीकडचं बांबूचं रान ज्यानं पाहिलंय त्याला ही उपमा फोड करून सांगावी लागत नाही. पण त्यामुळेच वंश म्हटलं की मराठी माणसाच्या मनात रक्त, बीज, औलाद हेच येतं. निर्वंश, वंशवेल, वंशपरंपरा, सगळीकडे तेच. आणि एथ्निसिटीचा, म्हणजे ‘आपण एका समूहाचे’ या ओळखीचा, सिद्धांत नेमका याच्या उलट सांगतो, म्हणून ‘वांशिकता’ मला खटकते.

माक्स वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ १९२० साली वारला, त्यानंतर त्याचा मोठा ग्रंथ छापून आला. त्यात त्यानं मांडलंय की एथ्निक समूहाचं रक्त खरोखर एक असो वा नसो, आपले पूर्वज एक होते असा लोकांचा विश्वास असला की समूह उभा राहतो. पुढे १९६९मध्ये नॉर्वेच्या फ्रेडरिक बार्थ या मानवशास्त्रज्ञानं लक्ष आणखी सरकवलं. समूहाच्या आत काय आहे, म्हणजे पेहराव, अन्न, सण, यापेक्षा समूहाची हद्द कशी राखली जाते ते पाहा, असं त्याचं म्हणणं. आतला ऐवज बदलत राहतो, हद्द टिकते.

हे आपल्याकडे रोज दिसतं. मेळघाटात कोरकू आणि गोंड शेजारी राहतात. कोरकू भाषा मुंडा कुळातली, संथालीच्या नात्यातली. गोंडी द्राविडी, तेलुगूच्या नात्यातली. यवतमाळकडची कोलामीही द्राविडीच. बाहेरचा माणूस सगळ्यांना सरसकट ‘आदिवासी’ म्हणून मोकळा होतो. पण कोरकू या शब्दाचा त्यांच्या भाषेतला अर्थ ‘माणसं’, आणि गोंड स्वतःला कोइतूर म्हणवतात. आज बाजार एक, पोळा एक, मोबाईल एक, कपडेही सारखेच. तरी सोयरिकीची गोष्ट निघाली की गावोगावी, कुठल्याही समाजात, पहिला प्रश्न ठरलेला: ‘थे आपल्यातले हायेत काय?’

हा शब्द नीट पाहा. आपल्या, आत, आणि पुढे ‘ला’. ‘आत’ म्हटलं की कुंपण आलंच. कुंपणाच्या आत कोणतं पीक आहे याबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही. बार्थचं म्हणणं इतक्या थोडक्यात सांगणारा दुसरा मराठी शब्द मला सापडलेला नाही. पाठ्यपुस्तकात ‘आपल्यातलेपण’ कोणी छापणार नाही, हे मान्य. म्हणून लिहिताना मी एथ्निक गटाला ‘जनसमूह’ आणि एथ्निसिटीला ‘समूहओळख’ म्हणतो.

आता वर्णद्वेष. वर्ण म्हणजे रंग, आणि आपल्याकडे चातुर्वर्ण्यातलाही वर्ण. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेतल्या ‘वर्णभेदा’चा धडा वाचताना आपल्या मुलांचा घोटाळा होतो. पण माझी जास्त तक्रार ‘द्वेष’ या शब्दाबद्दल आहे. द्वेष मनात असतो. १९६७मध्ये स्टोकली कार्मायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन या अमेरिकी कृष्णवर्णीय लेखकांनी ‘संस्थात्मक’ रेसिझम वेगळा काढून दाखवला, तो चालायला कोणाच्या मनात द्वेष असावाच लागतो असं नाही. गावातलं उदाहरण घ्या. नळाची लाईन सगळ्यात शेवटी एकाच वस्तीत पोचते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तीच वस्ती शेवटची असते. सरपंच भला माणूस असू शकतो. पाणी तरी उशिराच येतं. म्हणून ‘वंशभेद’ बरा. भेद व्यवहारातही असतो, नियमातही असतो.

जातीचं उत्तर बाबासाहेबांनी फार आधी दिलं. १९१६मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीला ‘बंदिस्त वर्ग’ म्हटलं आणि तिचं मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात दाखवलं. १९३६मध्ये तर स्पष्टच लिहिलं की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला अस्पृश्य वंशानं एकच आहेत. म्हणजे जात हा वंश नव्हे. संविधानाच्या १५व्या अनुच्छेदातही धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान असे शब्द वेगवेगळे येतात.

मात्र ‘आपल्यातले’ इथे कमी पडतो. तो आत कोण, बाहेर कोण एवढंच सांगतो. वर कोण, खाली कोण हे सांगत नाही. त्यासाठी बाबासाहेबांची ‘श्रेणीबद्ध विषमता’च हवी. ‘तुमी कोन्या समाजाचे?’ या प्रश्नातला ‘समाज’ तर ही उतरंड साफ झाकून टाकतो. विचारणारा सभ्यपणे विचारतो, आणि उत्तर ऐकून चहा कोणत्या कपात द्यायचा ते ठरवतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेव्हापासून तो शब्द मला जातीच्या जागी वापरवत नाही.

पेपरात काय लिहायचं? पुस्तकातला ‘वांशिकता’ लिहा, गुण जायला नकोत. पण पुढच्याच वाक्यात ‘म्हणजे रक्ताचं नव्हे, तर समान पूर्वज असल्याच्या विश्वासाचं नातं’ असा खुलासा करा. कोणी हट्टानं विचारलंच तर संयुक्त राष्ट्रांचा १९६५चा भेदभावविरोधी करार दाखवा. त्याच्या पहिल्या कलमात रेस आणि एथ्निक मूळ या दोन वेगळ्या गोष्टी एकाच यादीत आहेत. दोन्हींना ‘वांशिक’ म्हटलं तर त्या यादीचं मराठी करताना एकच शब्द दोनदा लिहावा लागेल.