गावात राहून घरूनच व्हॉइसओव्हर करायचा असेल तर कोणता क्लोज्ड-बॅक हेडफोन घ्यावा?

तुमचा प्रश्न असा: विदर्भातल्या आर्वीकडच्या एका गावात राहून घरूनच आवाजाची कामं करता, शेतीच्या व्हिडिओंचं डबिंग आणि थोडंफार कथावाचन. हातात दहा हजार आहेत. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स घ्यावा की बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो? आणि चांगला क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद वाट्यांचा, हेडफोन घेतला तर शेजारच्या थ्रेशरचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये यायचा थांबेल का?

दुसऱ्याचं आधी सांगते, कारण पैसे तिथंच वाया जातात. नाही थांबणार. हेडफोन तुमचे कान झाकतो, माइकचे नाही. थ्रेशर माइकला ऐकू गेला की तो फायलीत उतरलाच. उलट कान घट्ट झाकलेले असले की बाहेर काय चाललंय ते कमी कळतं, आणि रात्री एडिटिंगला बसल्यावर प्रत्येक वाक्यामागं घरघर सापडते. नॉइज कॅन्सलिंगवाला घेतलात तर घोळ आणखी वाढेल. तो तुमच्यापुरता थ्रेशर गायब करतो, माइकपुरता नाही.

आता पहिला प्रश्न. माझं मत विचाराल तर दोन्ही नको. ऑडिओ-टेक्निकाचाच एटीएच-एम४०एक्स घ्या, किंवा सोनीचा एमडीआर-७५०६ खात्रीच्या ठिकाणी तुमच्या पैशांत बसत असेल तर तो. हात फारच आखडता असेल तर एम२०एक्सनंही काम भागतं. राहिलेले पैसे खोलीवर लावा. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावातून हेच काम करते, कृषी सेवा केंद्रांच्या जाहिराती, कंपन्यांचे प्रशिक्षणाचे व्हिडिओ, अधूनमधून एखादं पुस्तक. तेव्हा स्टुडिओतल्या नव्हे, टिनाखालच्या अनुभवावरून बोलतेय असं समजा.

आपल्या कामात हेडफोन मुळात कुठे लागतो ते बघा. नुसतं वाचन असेल तर पुष्कळ मुरलेले लोक हेडफोन न घालताच वाचतात. स्वतःचा आवाज कानात घुमायला लागला की माणूस त्याच्या प्रेमात पडतो आणि वाक्याचा अर्थ सोडून खर्ज लावत बसतो. पण डबिंगला हेडफोनशिवाय गत नाही. फवारणीचा व्हिडिओ हिंदीत तयार झालेला असतो, ते हिंदी कानात चालू ठेवून त्याच वेळेत मराठी बसवायचं असतं. चुकलेलं वाक्य मधेच दुरुस्त करायचं असेल, किंवा ग्राहक फोनवरून ‘ताई, जरा उत्साहात घ्या’ असं सांगत असेल, तेव्हाही तेच. इथं खरी भीती असते ती हेडफोनमधला आवाज बाहेर झिरपून माइकमध्ये जाण्याची. क्लोज्ड-बॅक घ्यायचा तो एवढ्यासाठी. मागून उघड्या वाट्यांचा ओपन-बॅक तर नकोच, अर्धा उघडा सेमी-ओपनही नको. सॅमसनचा एसआर८५० स्वस्त दिसतो आणि लोक बिनधास्त सुचवतात, पण तो सेमी-ओपन आहे. ऐकायला छान, माइकपुढे निरुपयोगी.

झिरपणं किती आहे हे तपासायची माझी पद्धत सांगते. माइकपुढे नेहमीसारखे बसा, तोंड साधारण वीतभर लांब. हेडफोनमध्ये मूळ हिंदी ट्रॅक रोजच्या आवाजावर लावा आणि एक मिनिट तोंड बंद ठेवून रेकॉर्डिंग करा. मग ती फाइल ३० डेसिबलनं वाढवा आणि ऐका. पातळ, पत्र्यासारखा एक आवाज हिंदीत बोलताना ऐकू येईल. तो शब्द न शब्द कळण्याइतका स्पष्ट असेल तर अडचण आहे. नुसती कुजबुज असेल तर चालतं. आता तोच प्रयोग चष्मा काढून करा. काडीमुळे कानामागं पॅड किंचित उचललेला राहतो आणि तेवढ्याशा फटीतून बरंच काही बाहेर पडतं. मी कुड्या काढून बसते, केस पॅडखाली येऊ देत नाही. आवाज थोडा कमी केला तरी निम्मं काम होतं, हे फुकटातलं. खोलीची शांतता मोजायलाही हीच फाइल कामाची, फक्त ट्रॅक बंद ठेवून घ्यायची आणि न वाढवता मोजायची. अ‍ॅमेझॉनच्या एसीएक्सवर ऑडिओबुकसाठी नियम आहे की शांततेतला गोंगाट उणे ६० डेसिबलच्या खाली हवा. आपण तिथं पुस्तक देत नसलो तरी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवायला चांगला.

आता मॉडेलं. एम५०एक्स वाईट नाही, पण त्याचा खालचा आवाज फुगवलेला आहे. पुरुषी आवाज त्यात आहे त्यापेक्षा भरदार वाटतो, मग माणूस एडिटिंगमध्ये बेस कापत जातो आणि फोनवर ऐकणाऱ्याला आवाज चिपाड लागतो. एम४०एक्स त्यापेक्षा सरळ आहे, ३५ ओहमचा, म्हणजे साध्या इंटरफेसवर (माइक लॅपटॉपला जोडायच्या डब्यावर) किंवा फोनवरही पुरेसा वाजतो. केबल सुटी करता येते, हे आपल्याकडे मोठं. उंदरानं केबल कुरतडली तर फक्त केबल मागवायची, हेडफोन नाही. एम२०एक्सची केबल ३ मीटरची आणि पक्की जोडलेली, ती रात्री खुंटीवर टांगून ठेवत जा.

एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून चालत आलेला गडी, ६३ ओहम, गुंडाळी केबल तीही पक्की. ऐकायला तो कोरडा आणि जरा टोचरा आहे. गाणी ऐकायला मी तो कुणाला देणार नाही. पण ‘स’ आणि ‘श’ किती सळसळतात, जिभेची चिकचिक कुठे होते, पान उलटल्याचा आवाज आला का, हे तो तोंडावर सांगतो. आपल्या धंद्यात असाच माणूस हवा. त्याचे मूळ इअरपॅड काही काळानं सोलतात आणि काळे कपचे कानाला चिकटतात. बदली पॅड मिळतात, घाबरायचं नाही.

सेनहायझरचा एचडी २८० प्रो सगळ्यात घट्ट. कंपनी ३२ डेसिबलपर्यंत बाहेरचा आवाज अडवतो म्हणते, झिरपणंही फार कमी. पण तो डोकं आवळतो. लांब प्रकरण वाचायला बसलात तर कानाच्या पाळ्या दुखायला लागतात. चष्मा असेल तर आणखी. ज्यांचं काम दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांचं आहे त्यांनी जरूर घालून पाहावा.

राहिला तुमच्या मनातला डीटी ७७० प्रो. बहुतेक आवृत्त्यांना कापडी मखमली पॅड, कानाला फार सुखाचा, खरं तर उन्हाळ्यात याच्यासारखा नाही. तो ३२, ८० आणि २५० ओहमच्या आवृत्त्यांत येतो. ऑफर बघून चुकून २५० चा मागवला तर लहान इंटरफेसवर किंवा लॅपटॉपवर आवाज मरतुकडा येतो. घ्यायचाच तर ८० किंवा ३२. माझा त्यावर आक्षेप पैशांचा आहे, आणि दुसरा कापसाचा. ज्या घरात कापूस भरलेला असतो तिथं मखमलीला सारखे तंतू चिकटतात, निघता निघत नाहीत.

कापसाचा विषय निघालाच आहे तर सांगते. दिवाळीनंतर भाव येईपर्यंत ज्या खोलीत कापूस रचून ठेवतात ना, तिच्याइतकी मेलेली, न घुमणारी खोली पैसे देऊन बनवता येणार नाही. टाळी वाजवली तर टाळी तिथल्या तिथं संपते. फक्त आत बसवत नाही, अंगाला खाज सुटते आणि तंतू नाकातोंडात जाऊन खोकला लागतो. म्हणून मी तिथं बसत नाही, तिची नक्कल करते. कोपऱ्यात दोन खाटा उभ्या करायच्या, त्यांवर गाद्या आणि वाकळी टाकायच्या, डोक्यावर एक आडवी, आणि आपण आत तोंड करून नव्हे तर पाठ गाद्यांकडे करून बसायचं, माइक आपल्यासमोर ठेवायचा. माइक पुढून ऐकतो, म्हणून त्याच्या समोर, म्हणजे आपल्या मागं, मऊ काहीतरी हवं. आमची आई अजूनही विचारते, ‘काहून वं, दिवसाढवळ्या गाद्या उभ्या केल्या?’ एम४०एक्स आणि एम५०एक्स यांच्या किमतीतल्या फरकात चार जाड गाद्या नव्यानं भरून होत असतील तर गाद्या आधी.

हेडफोन घातल्यावर एक विचित्र प्रकार होईल, तयारीत राहा. कान बंद झाले की आपलाच आवाज हाडांतून आत घुमतो, जड आणि गढूळ वाटतो, आणि नकळत आपण दबून बोलायला लागतो. उपाय दोन. एक तर इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं ते चालू करून माइकचा आवाज कानात थोडा सोडायचा. डायरेक्टच हवा, कारण लॅपटॉपमधून फिरून येणारा आवाज उशिरा येतो. लॅपटॉप आवाज थोडा साठवून पुढे सोडतो, त्या साठ्याला बफर म्हणतात; ४८ हजार हर्ट्झला २५६ सॅम्पलचं बफर म्हणजे एका बाजूनं साधारण ५ मिलिसेकंद, जाऊन-येऊन त्याच्या दुपटीच्या वर. एवढ्यानंही हाडातला आणि कानातला आवाज एकमेकांत अडखळतो. ब्लूटूथमध्ये तर उशीर याच्या कितीतरी पट असतो, म्हणून तो कितीही भारी असला तरी डबिंगला बाद. दुसरा उपाय, एक कान उघडा ठेवायचा. रेडिओवाले, गायक सगळे करतात. मात्र मोकळी वाटी हवेत राहू द्यायची नाही, तिच्यातून सरळ माइकमध्ये आवाज जातो. ती कानामागच्या हाडावर दाबून बसवा, किंवा ट्रॅक पॅन करून, म्हणजे एका बाजूला सरकवून, फक्त झाकलेल्या कानात ठेवा.

घट्ट हेडफोनलाही बारीक, म्हणजे वरच्या सुराचे, आवाजच नीट अडतात हे लक्षात असू द्या. चिमण्या, भांडी, पोरांचा कल्ला कमी होतो. वरातीच्या डीजेचा धडधडाट, बोअरच्या मोटरची घूं, ट्रॅक्टर, हे खालचे सूर पॅडमधून आणि भिंतीतून तसेच येतात. घराजवळ डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, असेल तर त्याची १०० हर्ट्झची एकसुरी घूं माइकमध्ये असते, आणि सवयीमुळे आपल्याला ती ऐकू येत नाही, हेडफोनमध्येच पहिल्यांदा सापडते. तशीच एक घूं लॅपटॉपच्या चार्जरमधून येते, घराला नीट अर्थिंग नसलं की हमखास. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्डिंग करून पाहा. ती गेली तर चांगल्या वायरमनला बोलावून अर्थिंगचा खड्डा करून घ्या, तोही हेडफोनइतकाच गरजेचा खर्च. बाकी वेळ साधणं आलं. माझं काम पहाटे होतं. रात्री म्हणावं तर शेतात रानडुकरं हाकलायला भोंगे लावलेले असतात.

उन्हाळ्याचं काय करायचं यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, रेकॉर्डिंगपुरता कूलर बंद करावाच लागतो आणि रेग्झिनच्या पॅडखाली कान उकडून निघतात. पॅडवर जुन्या बनियनचं कापड चढवलं तर घाम टिपला जातो, पॅडही टिकतात. पण सील थोडं ढिलं होतं, म्हणून कापड एकच थर आणि ताणून. लहान टेक घ्या, मधे हेडफोन काढून ठेवा, आणि घामेजलेला हेडफोन लगेच पिशवीत कोंबू नका.

शेवटी खरेदीचं. ७५०६ आणि एम५० या दोन्हींच्या हुबेहूब नकला बाजारात फिरतात. फारच स्वस्त दिसला तर सोडून द्या, अधिकृत विक्रेत्याचं नाव आणि जीएसटीचं बिल बघूनच घ्या. ऑनलाइन मागवलात तर परत करायची मुदत किती ते आधी वाचा आणि त्या मुदतीत वर सांगितलेली एक मिनिटाची चाचणी चष्म्यासकट करून घ्या. खोक्यात ६.३ मिलिमीटरचा सोनेरी अ‍ॅडाप्टर येतो, इंटरफेसला तोच लागतो आणि हरवतोही तोच. हरवला तर तालुक्याच्या साउंडवाल्याकडे पी-३८ म्हणून मिळेल, पण स्टिरिओ आहे ना ते बघून घ्या. मोनो दिला तर एकच कान वाजेल आणि तुम्ही उगाच हेडफोनला दोष द्याल. फोनवरच रेकॉर्डिंग करत असाल तर कोणता फोन आणि कोणता माइक ते खाली लिहा, त्याप्रमाणे सांगते.