सल्ला मानला गेला नाही, तर सल्लागार काय करतात?

तुम्ही मास्ट्रिख्टला धोरण-अभ्यास शिकताय आणि प्रबंधासाठी विचारलंय की युरोपात ग्राहकांच्या सल्लागार संस्था खरंच धोरण घडवतात, की निर्णय आधीच ठरलेला असतो आणि यांची हजेरी फक्त कागदावर लागते. वर एका सदस्याने लिहिलंय की उद्योगांच्या लॉबीपुढे यांचं काही चालत नाही. मला ते पटत नाही. का पटत नाही ते सांगायला जरा जागा लागेल.

आधी माझी बाजू सांगतो. मी बावीस वर्षं पुण्यात ग्राहक चळवळीत काम करतोय. त्यातली पाच वर्षं मानकं ठरवणाऱ्या एका समितीवर ग्राहक प्रतिनिधी होतो. बैठकीचे कागद दोन दिवस आधी यायचे, शंभर-सव्वाशे पानं. समोर कंपन्यांचे अभियंते असायचे आणि त्यांच्यामागे त्यांची प्रयोगशाळा. माझ्याकडे आमच्या तक्रार केंद्राची वही. तेव्हापासून युरोपातल्या ग्राहक संस्थांची टिपणं वाचायची सवय लागली, कारण हीच अडचण त्यांनी कशी सोडवली ते मला शिकायचं होतं.

माझं मत असं झालंय की या संस्था पहिली फेरी बहुतेक वेळा हरतात. त्यांचं खरं काम त्यानंतर सुरू होतं: हरलेला मुद्दा पुराव्यासह जिवंत ठेवायचा आणि राजकीय दार किलकिलं झालं की तो तयार मसुद्यासह पुढे करायचा. तुम्ही एकच कायदा, एकच सल्लामसलत घेऊन तपासलंत तर हे दिसणार नाही. दहा-पंधरा वर्षांचा पट घ्यावा लागेल.

थोडा इतिहास. सहा देशांच्या ग्राहक संघटनांनी मार्च १९६२ मध्ये 'बेउक' हा महासंघ काढला. त्याच वर्षी युरोपीय आयोगाने, म्हणजे आजच्या युरोपीय संघाचा कारभार चालवणाऱ्या मंडळाने, ग्राहकांची एक संपर्क समिती नेमली, ती १९७२ मध्ये मोडीत निघाली. १९७३ मध्ये नवी सल्लागार समिती आली, पुढे तिची नावं आणि रचना वारंवार बदलली, २००३ मध्ये पुन्हा नव्याने गट झाला. एप्रिल १९७५ च्या पहिल्या ग्राहक कार्यक्रमात पाच हक्क मोजले आहेत आणि त्यातला एक आहे आपलं म्हणणं ऐकलं जाण्याचा. युरोपातल्या देशांच्या मूळ करारांत ग्राहक संरक्षणाला स्वतःचं कलम मिळालं ते थेट १९९२ च्या करारात, जो तुमच्याच गावात सह्या होऊन झाला. म्हणजे १९५७ च्या कराराने सामाईक बाजारपेठ आधी आली आणि तिच्यात खरेदी करणाऱ्याला कायद्यात जागा मिळायला पस्तीस वर्षं लागली.

आता मला सर्वात जवळचं वाटणारं उदाहरण. बाहेरून स्वस्त माल येतो अशी तक्रार युरोपातल्या उत्पादकांनी केली की आयोग चौकशी करतो आणि अँटी-डंपिंग शुल्क लावू शकतो. त्या शुल्काचा भार शेवटी दुकानातल्या ग्राहकावर येतो, पण तेव्हा चौकशीत मात्र उत्पादक, आयातदार आणि निर्यातदार एवढेच पक्षकार असत. जपान, कोरिया आणि हाँगकाँगच्या ऑडिओ कॅसेटच्या प्रकरणात बेउकने मागणी केली की फाईलमधले गोपनीय नसलेले कागद आम्हाला बघू द्या. आयोगाने नकार दिला. बेउक युरोपीय न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये हरली. निकालाचा आशय असा की नियमांत हा हक्क ग्राहक संघटनांना दिलेला नाही, द्यायचा की नाही ते कायदे करणाऱ्यांनी बघावं.

बहुतेक संघटना इथे थांबल्या असत्या. पण निकालातच पुढची वाट सांगितलेली होती. १९९४ मध्ये अँटी-डंपिंगचे मूळ नियम नव्याने लिहिले गेले तेव्हा ग्राहक संघटनांचा उल्लेख त्यात आला आणि कागद पाहण्याचा हक्कही.

मग १९९७. भारत, पाकिस्तान, चीन, इजिप्त, इंडोनेशिया आणि तुर्कस्तानातून येणाऱ्या, ब्लीच न केलेल्या सुती कापडाची चौकशी चालू होती. आपल्या इचलकरंजी-भिवंडीत ज्याला ग्रे कापड म्हणतात तेच. बेउकने हितसंबंधी पक्ष म्हणून नोंद मागितली. आयोग म्हणाला, हे कापड किरकोळ दुकानात विकलं जात नाही, ते प्रक्रियेला जातं, तेव्हा ग्राहकाचा यात संबंध नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी चादर विकत घेतली आहे त्याला या युक्तिवादातली चूक कळेल. लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाने २७ जानेवारी २००० रोजी आयोगाचा नकार रद्द केला. ग्राहक संघटनेला सरसकट दाराबाहेर ठेवता येणार नाही. आपलं काम आणि चौकशीतला माल यांचा वस्तुनिष्ठ संबंध दाखवण्याची संधी तिला मिळालीच पाहिजे, असा निकाल लागला. हा निकाल मी आमच्या अभ्यासवर्गात दर वर्षी शिकवतो. युरोपातल्या ग्राहकाचं आणि आपल्या यंत्रमागवाल्याचं हित इथे एकाच बाजूला होतं, हे मुलांना प्रथम खरं वाटत नाही.

सल्लागाराची ताकद कशात असते ते यातून दिसतं. खुर्ची मिळणं ही पहिली पायरी. फाईल बघायला मिळणं ही त्यापेक्षा फार मोठी गोष्ट. माझ्या त्या पाच वर्षांत मला खुर्ची होती, फाईल नव्हती.

दुसरं उदाहरण घरातल्या फ्रिजचं. युरोपात १९९० च्या दशकात ए ते जी अशी ऊर्जा-वापराची पट्टी आली. यंत्रं सुधारत गेली आणि वरची जागा संपली. तेव्हा पट्टी नव्याने आखावी, ए ते जी हीच अक्षरं ठेवावीत, असं ग्राहक संस्था सांगत होत्या. २०१० च्या निर्देशाने (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात आणायचा युरोपीय नियम) उलट केलं: ए प्लस, ए प्लस प्लस, ए प्लस प्लस प्लस अशा वाढीव श्रेण्या वर चढवल्या. २०१२ नंतर तर नवा फ्रिज ए प्लसच्या खाली बाजारात आणताच येत नव्हता, म्हणजे 'ए प्लस' हा दुकानातला सर्वात वाईट दर्जा झाला! गिऱ्हाईक मात्र तो उत्तम समजून घेत होतं. ग्राहक संस्था हा गोंधळ दाखवत राहिल्या, शेवटी २०१७ मध्ये नवी नियमावली आली आणि १ मार्च २०२१ पासून दुकानांत पुन्हा साधी ए ते जी पट्टी लागली. तुमच्या तिथल्या कुठल्याही उपकरणांच्या दुकानात जाऊन बघा, बहुतेक फ्रिज आता मधल्या-खालच्या अक्षरांवर दिसतील. त्या उतरलेल्या अक्षरांमागे हा सगळा झगडा आहे. आपल्याकडे बीईईच्या (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक केले जातात तेव्हा दुकानदार तक्रार करतात. त्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

मानकांच्या क्षेत्रात 'अ‍ॅनेक' ही ग्राहकांची बाजू मांडणारी युरोपीय संस्था १९९५ पासून आहे. १९८५ नंतर युरोपने कायद्यात फक्त सुरक्षेच्या मूळ अटी लिहायच्या आणि तांत्रिक तपशील मानकांवर सोपवायचा असं धोरण धरलं, त्यामुळे खरे निर्णय अभियंत्यांच्या समित्यांत व्हायला लागले. अ‍ॅनेकला तिथे बसता येतं, बोलता येतं, मत मात्र देता येत नाही. तरी काय झालं बघा. घरगुती विद्युत उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकात एक वाक्य होतं: शारीरिक, संवेदनिक किंवा मानसिक क्षमता कमी असलेल्या व्यक्तींनी आणि मुलांनी देखरेखीशिवाय वापरण्यासाठी हे उपकरण नाही. म्हणजे मिक्सर किंवा इस्त्री बनवताना म्हातारी माणसं आणि अपंग व्यक्ती हिशेबातच धरायच्या नाहीत. अ‍ॅनेकने हा मुद्दा वर्षानुवर्षे धरून ठेवला. आज युरोपातल्या अनेक उपकरणांच्या माहितीपत्रकात वाक्य असं असतं की आठ वर्षांवरील मुलं आणि अशा व्यक्ती, नीट समजावून दिल्यास किंवा देखरेखीखाली, हे उपकरण वापरू शकतात. हे वाक्य बदलायचं तर तपासणीही बदलावी लागते: मुलाचं बारीक बोट कुठल्या फटीत जाईल, पृष्ठभाग किती तापेल. माझी आई ऐंशीच्या पुढे आहे आणि रोज सकाळी स्वतःचा चहा विजेच्या किटलीवर करते, म्हणून हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं.

या संस्थांना पैसा कुठून मिळतो असंही तुम्ही विचारलंय, ते रास्त आहे. बेउक आणि अ‍ॅनेकला युरोपीय संघाकडून अनुदान मिळतं, अट अशी की उद्योगांपासून स्वतंत्र असलं पाहिजे. सरकारचा पैसा घेऊन सरकारशी भांडता येतं का? वर सांगितलेले दोन्ही खटले आयोगाविरुद्ध होते, त्यामुळे येतं असं मी म्हणेन. पण अनुदानाशिवाय तज्ज्ञ ठेवता येत नाहीत आणि तज्ज्ञांशिवाय त्या शंभर पानांना उत्तर देता येत नाही, हे मी स्वतः भोगलंय. बेउकच्या सदस्य संघटनांपैकी काही स्वतः वस्तूंच्या चाचण्या करून मासिकं काढतात, त्यांची वर्गणी हा वेगळा आधार आणि चाचणीचे निष्कर्ष हा पुरावा.

समित्यांची रचनाही बारकाईने बघा. बँकांवर देखरेख करणाऱ्या युरोपीय प्राधिकरणाच्या सल्लागार गटात ३० जण असतात. १३ वित्तसंस्थांचे, १३ मध्ये कर्मचारी, ग्राहक, वापरकर्ते आणि छोटे उद्योग सगळे मिळून, ४ प्राध्यापक. म्हणजे १३-१३ ही बरोबरी वरवरची आहे. मात्र २०१९ च्या सुधारणेनंतर एकमत न झाल्यास एक तृतीयांश सदस्य आपला वेगळा सल्ला देऊ शकतात. ही तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण इतिवृत्तात 'बहुमताने' एवढाच शब्द उरला की विरोधाचं कारण कायमचं पुसलं जातं.

सामूहिक दाव्यांची, म्हणजे अनेक ग्राहकांनी मिळून एकच दावा लावण्याची, फाईल तुमच्या प्रबंधाला सर्वात उपयोगी पडेल. २००८ मध्ये आयोगाचं चर्चापत्र, २०१३ मध्ये बंधनकारक नसलेली शिफारस, आणि तिथे गाडी थांबली. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा (चाचणीत गाड्यांचं प्रदूषण कमी दाखवण्याचा) उघड झाला. अमेरिकेतल्या गाडीमालकांना भरपाई मिळाली आणि युरोपातल्यांकडे एकत्र दावा लावायचं साधनच बहुतेक देशांत नव्हतं. ग्राहक संस्थांचा मसुदा तयार होता. २०१८ मध्ये प्रस्ताव आला, २०२० मध्ये निर्देश मंजूर झाला, जून २०२३ पासून लागू आहे. घोटाळ्याने दार उघडलं हे खरं, पण आत न्यायला काही तयार होतं म्हणून ते उपयोगी पडलं.

आणि जिथे अजून जमलं नाही तेही लिहा. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर समोरच पोषणाचा रंगीत दर्जा असावा ही मागणी २०१० मध्ये युरोपीय संसदेत हरली. फ्रान्सने २०१७ मध्ये ऐच्छिक न्यूट्री-स्कोअर (रंग आणि अक्षरांचा पोषण-दर्जा) आणला. आयोगाने २०२० मध्ये संपूर्ण संघासाठी अनिवार्य लेबलचा प्रस्ताव २०२२ अखेरपर्यंत आणू असं सांगितलं, इटलीने कडाडून विरोध केला, आणि ठरलेल्या मुदतीत प्रस्ताव आला नाही. माझी सूचना अशी की ऊर्जा-पट्टी आणि पोषण-पट्टी समोरासमोर ठेवून तपासा. दोन्हीकडे रंग आणि अक्षरं, दोन्हीकडे त्याच संस्था, २०१० साली दोन्हीकडे हार. एक पार पडली आणि एक अडकली, ती का, यावर अख्खा प्रबंध उभा राहील. माझा अंदाज आहे की फ्रिजच्या बाबतीत कुठल्या देशाला आपलं चीज किंवा तेल खालच्या दर्जापासून वाचवायचं नव्हतं, पण हे तुम्ही सल्लामसलतीत आलेल्या हरकती आणि सूचना वाचून तपासा. त्या सार्वजनिक असतात. प्रकरणांची रूपरेषा झाली की इथेच टाका, मी वाचून कळवतो.