पंधराव्या वर्षाचा वेगवान गोलंदाज आणि नऊ लाखांची ठेव

प्रश्न : सेलूजवळ माझे कृषी सेवा केंद्र आहे आणि चार एकर कोरडवाहू शेती आहे. मुलगा १४ वर्षे ८ महिन्यांचा असून वेगवान गोलंदाजी करतो. वर्षभरात त्याची उंची चार इंचांनी वाढली. पुण्यातील एका निवासी अकादमीने त्याचा वेग ताशी ११८ किलोमीटर मोजला आणि त्याला प्रवेश देऊ केला. शुल्क वर्षाला २ लाख ४० हजार आहे, मात्र तीन वर्षांचे एकदम भरल्यास ६ लाख ३० हजारांत काम होते. माझी ९ लाखांची मुदत ठेव मार्चमध्ये पूर्ण होत आहे. ती मुलीच्या शिक्षणासाठी ठेवली होती, ती आता बारावीत आहे. मुलगा रोज सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा षटके टाकतो. कधीकधी कंबर धरते, पण वाढते वय आहे असे सर म्हणतात. तुळजापूरच्या मुलाला आयपीएलच्या लिलावात दीड कोटी मिळाले, मग आम्ही मागे का राहावे? एकदम पैसे भरू का?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा आकडा पैशांचा नाही, तो रोजच्या वीस षटकांचा आहे. वीस षटके म्हणजे १२० चेंडू. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाची या वयाच्या वेगवान गोलंदाजांसाठीची मर्यादा एका टप्प्यात सहा आणि दिवसभरात बारा षटकांची आहे. उंची झपाट्याने वाढत असताना कमरेच्या खालच्या मणक्यांचे हाड पुरते पक्के झालेले नसते. त्याच काळात मागे वाकून, एका बाजूला कलून, पुढच्या पायावर आदळत रोज शेकडो वेळा चेंडू टाकला की त्या हाडाला बारीक चीर जाण्याचा धोका वाढतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सराव सिमेंटच्या पट्टीवर मॅट अंथरून होतो, त्यामुळे पायाला बसणारा हादराही काही कमी नसतो. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्स याने २०११ साली अठराव्या वर्षी पहिली कसोटी गाजवली आणि पाठीच्या दुखण्यामुळे त्याला दुसऱ्या कसोटीसाठी थेट २०१७ पर्यंत थांबावे लागले. त्याच्यामागे ऑस्ट्रेलियाचे मंडळ, त्यांचे डॉक्टर आणि त्यांचा पैसा होता. आपल्या मुलामागे आपली ठेव आहे.

म्हणून पहिला खर्च अकादमीचा नव्हे, तपासणीचा करावा. परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथील अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, मुलगा वेगवान गोलंदाज आहे हे त्यांना आवर्जून सांगावे आणि एमआरआयची गरज आहे का ते विचारावे, कारण सुरुवातीची इजा साध्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. काही हजारांच्या या खर्चावर पुढच्या काही लाखांचा निर्णय अवलंबून आहे. तोपर्यंत गोलंदाजी थांबवावी.

आता वेगाविषयी. या वयात ११८ चा वेग चांगला आहे, यात शंका नाही, परंतु त्यातील किती भाग गुणांचा आणि किती भाग इतरांपेक्षा लवकर वयात आल्याचा, हे वेग मोजणारे यंत्र, म्हणजे स्पीडगन, सांगू शकत नाही. आज त्याच्या छातीला लागणारी मुले अठराव्या वर्षी त्याच्या बरोबरीने उभी असतील. जाणकार प्रशिक्षक या वयात निराळ्या गोष्टी पाहतो : शेवटच्या षटकात चेंडू टाकण्यापूर्वीची धाव (रन-अप) पहिल्या षटकासारखीच लयीत आहे का, चेंडू सोडताना मनगट चेंडूच्या शिवणीच्या मागे राहते का, खांदे आणि कंबर एकाच दिशेला आहेत की एकमेकांविरुद्ध पिळले जात आहेत. शेवटची बाब केवळ शैलीची नाही, कारण असा पीळ पाठीलाच भोवतो. अकादमीला भेट द्याल तेव्हा मैदानाची हिरवळ पाहून भुलू नये. मुलाने आठवड्यात किती चेंडू टाकले याची नोंदवही कोण ठेवतो, हे विचारावे आणि ती वही प्रत्यक्ष मागून पाहावी. वही नसेल, तर विषय तिथेच संपला असे मी समजेन.

वही आहे असे धरून हिशेब करू. एकदम भरल्यास ९० हजार वाचतात असे दिसते. पण हेच ६ लाख ३० हजार आपल्याकडे ठेवून दरवर्षी २ लाख ४० हजार दिले आणि उरलेल्या रकमेवर सात टक्के व्याज धरले, तर तिसऱ्या वर्षी कमी पडतात ते सुमारे ५० हजार. म्हणजे सवलत खरी तेवढीच आहे. उलट पहिल्या वर्षानंतर कंबरेने दगा दिला, किंवा मुलाचेच मन तिथे रमले नाही आणि तो घरी परतला, तर एकदम भरलेल्यांपैकी ३ लाख ९० हजार अडकतील. पन्नास हजार देऊन परत फिरण्याची मोकळीक मिळत असेल, तर तो सौदा मी डोळे झाकून करीन. मुले परत येतात, आणि भरलेले शुल्क मिळवताना पालकांच्या चपला झिजतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

शिवाय शुल्क म्हणजे सारा खर्च नव्हे. स्पाइक्स, प्रवास, शाळा आणि फिजिओथेरपी यांसाठी वर्षाला आणखी ८० हजार धरा. तीन वर्षांत साडेनऊ लाखांच्या वर जाते, म्हणजे मुलीची ठेव संपूनही पुरत नाही. तिचे प्रवेश याच जून-जुलैमध्ये आहेत आणि तो खर्च पुढे ढकलता येत नाही. म्हणून ठेवीतील ६ लाख तिच्या नावाने पुन्हा अशा मुदतींत गुंतवावेत की दरवर्षीच्या शुल्काच्या वेळी एकेक ठेव मोकळी होईल. उरलेल्या ३ लाखांतून मुलाचे पहिले वर्ष जवळजवळ भागेल, वरचे वीस हजार दुकानातून घालावे लागतील. दुसऱ्या वर्षापासूनचा खर्च दुकानाच्या उत्पन्नातून निघत असेल तरच पुढे जावे. जूनमध्ये आपले भांडवल बियाणे-खतात गुंतलेले असते आणि उधारी सोयाबीन विकले गेल्यावर वसूल होते, म्हणून हप्ता नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घेण्याची विनंती अकादमीला आत्ताच लेखी करावी. शेत विकण्याचा किंवा घरातले सोने तारण ठेवण्याचा विचार मनात असेल, तर तो सोडून द्यावा.

दीड कोटींबद्दल. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकर याला चेन्नईच्या संघाने २०२२ च्या आयपीएल लिलावात ती रक्कम दिली, हे खरे आहे आणि मराठवाड्याला त्याचा अभिमान आहे. मात्र त्याआधी तो एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकलेल्या संघात खेळला होता. आपण गृहीत धरावी ती त्याखालची पायरी. भारतीय क्रिकेट मंडळाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या दरांनुसार एकोणीस वर्षांखालील खेळाडूला सामन्याच्या दिवसाला २० हजार आणि रणजीतील नवोदिताला ४० हजार मिळतात. त्यासाठी महाराष्ट्राच्या संघात जागा हवी आणि तिची वाट जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीतून जाते. ती चाचणी परभणीतून देता येते, पुण्याचे शुल्क त्यासाठी आवश्यक नाही. सोळा वर्षांखालील गटात मनगटाच्या एक्स-रेवरून वय तपासले जाते, म्हणून जन्मतारखेबाबत कोणी ‘सोय’ सुचवली तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

ठेव मार्चमध्ये पूर्ण होईल. तिचे आपोआप नूतनीकरण होऊ नये, अशी सूचना बँकेत या आठवड्यातच द्यावी आणि तपासणीचा अहवाल हाती आल्यावर मला पुन्हा लिहावे.