यूबीई३ए जनुकाचं नाव अँजेलमन सिंड्रोम या मेंदूच्या जन्मजात विकारातही येतं आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही. दोन्ही खरं कसं?

दोन्ही खरं आहे. फरक इतकाच की कर्करोगात हे जनुक धडधाकट असतं, अँजेलमनमध्ये बिघडलेलं किंवा गायब.

पेशीला नकोशी प्रथिनं मोडीत काढावी लागतात. त्यांच्यावर युबिक्विटिन नावाच्या चिमुकल्या प्रथिनाची चिठ्ठी चिकटली की प्रोटिअसोम त्यांचे तुकडे करतो. चिठ्ठी कुणाला लावायची हे ठरवणारी विकरं (एन्झाइम) म्हणजे युबिक्विटिन लायगेज. आपल्या पेशींत ती शेकड्यांनी आहेत. यूबीई३ए त्यातलंच एक बनवतं.

हे विकर एरवी पी५३ या प्रथिनाच्या फारसं वाटेला जात नाही. पण एचपीव्ही या विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांचं ई६ प्रथिन त्याला धरून थेट पी५३ला भिडवतं. डीएनए बिघडलेल्या पेशीची वाढ रोखणारं पी५३च मोडीत निघालं, की कर्करोगाचा रस्ता मोकळा.

मेंदूतला प्रकार मला जास्त विलक्षण वाटतो. १५व्या गुणसूत्रावर या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. चेतापेशींत मात्र वडिलांची प्रत गप्प असते. उलट दिशेनं तयार होणारा एक लांबलचक आरएनए तिला दाबून ठेवतो. सगळी भिस्त आईच्या प्रतीवर. ती गेली की अँजेलमन: बोलणं जवळपास येत नाही, फिट्स येतात, तोल सावरत नाही, मूल सारखं हसत राहतं. हॅरी अँजेलमन या इंग्रज बालरोगतज्ज्ञानं १९६५मध्ये याचं वर्णन केलं. जनुक हाती लागायला १९९७ उजाडलं.

घरात असा रुग्ण असेल तर एक लक्षात ठेवा. रक्ताची मेथिलेशन तपासणी (डीएनएवरच्या रासायनिक खुणा पाहणारी) नॉर्मल आली तरी निदान बाद होत नाही. साधारण दहातल्या एका रुग्णात दोष जनुकाच्या अक्षरांतच असतो, त्यासाठी ती अक्षरं वाचणारं सिक्वेन्सिंगच लागतं. आणि ‘आमच्याकडे कुणालाच नाही’ यावर विसंबू नका. आईला हा दोष तिच्या वडिलांकडून मिळाला असेल तर ती स्वतः ठणठणीत असते, पण तिच्या प्रत्येक बाळाला धोका ५० टक्के. जनुकीय समुपदेशकाला हेच आधी विचारा.

वडिलांची झोपलेली प्रत जागी करणारी औषधं मणक्यातून देऊन माणसांवर चाचण्या चालू आहेत. मात्रा मात्र जपूनच ठरवावी लागते: गुणसूत्राचा हाच भाग आईकडून जादा आला, तर मुलांत ऑटिझम आणि फिट्स दिसतात.