सासूबाईंनी पूजा सोडलीय

(श्रद्धा आणि मनःस्वास्थ्य या विषयावर आलेल्या वाचकांच्या प्रश्नांना या महिन्यात उत्तरं देताहेत पुण्यातल्या मानसशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका.)

प्रश्न : मी मानसशास्त्राच्या एम.ए.ला आहे. ‘श्रद्धा आणि मानसिक आरोग्य’ यावर पुढे संशोधन करायची इच्छा आहे. घरचे म्हणतात, यात करिअर कसलं? तुम्ही या विषयाकडे कशा वळलात?
– विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : घरच्यांचं काय घेऊन बसलीस, माझे मार्गदर्शकही हेच म्हणाले होते. ‘देवाधर्माचं काय मोजणार? स्मरणशक्ती घ्या, प्रयोगशाळेत बसून काम होईल.’ फ्रॉइडला मानणारे धर्माला भ्रम म्हणून निकालात काढायचे, वर्तनवादी, म्हणजे फक्त दिसणारं वागणं मोजणारे, त्याची दखलच घेत नसत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सनं एडिनबरोच्या व्याख्यानांत हा विषय मांडला होता, १९०२ मध्ये त्यांचं पुस्तकही झालं, पण नंतर बरीच दशकं विषय अडगळीत गेला.

मला पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात ऑलपोर्ट आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांचा १९६७ चा निबंध हाती लागला. चर्चला जाणाऱ्यांत त्यांनी दोन प्रवृत्ती वेगळ्या केल्या होत्या : धर्म वापरणाऱ्यांची आणि धर्म जगणाऱ्यांची. पहिल्यांना तिथे ओळखी, मान, सुरक्षितता मिळवायची असते, दुसऱ्यांचं सगळं वागणंच श्रद्धेतून येतं. आमच्या वाड्यातली माणसं मी लगेच दोन रांगांत उभी करून टाकली! (कोण कुठल्या रांगेत, ते इथे लिहिणार नाही. अजून काही जण वर्गणीदार आहेत.)

करिअरचं म्हणशील तर नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पीएचडी, आणि जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवणं. वाट लांब आहे, घरच्यांना ते खरंच सांग. समुपदेशन करायचं असेल तर त्याचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागेल. संख्याशास्त्र कच्चं असेल तर आत्ताच पक्कं कर. आणि गुगल फॉर्म मैत्रिणींना पाठवून महाराष्ट्राच्या श्रद्धेवर निष्कर्ष काढू नकोस. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा भवानी पेठेत, नाना पेठेत जा. पालखी विठोबा, निवडुंग्या विठोबा या देवळांच्या आसपास दिंड्या उतरलेल्या असतात. तिथल्या बायकांजवळ जाऊन बस. प्रश्नावली पहिल्या दिवशी पिशवीतच राहू दे.

प्रश्न : माझे धाकटे दीर दीड वर्षापूर्वी अचानक गेले. तेव्हापासून सासूबाईंनी (वय ७१) पूजा, एकादशी, भजनी मंडळ सगळं सोडलंय. ‘पन्नास वर्षं याचं केलं, यानं माझं काय केलं?’ म्हणतात. मी दिवा लावला की तोंड फिरवतात. नणंद म्हणते, आईला परत देवाकडे वळवायलाच हवं. काय करू?
– गृहिणी, सिंहगड रस्ता

उत्तर : वळवू नका. निदान आत्ता तरी नको.

अमेरिकेत ओहायोमधल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात केनेथ पार्गमेंट नावाचे प्राध्यापक होते. संकटात सापडलेला माणूस आपल्या श्रद्धेचं काय करतो, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा. श्रद्धेचा आधार होतो तसा जाचही होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. त्यांच्या छोट्या प्रश्नावलीत चौदा विधानं आहेत. सात आधाराची आणि सात झगड्याची : देवानं मला टाकलं का, ही कशाची शिक्षा, अशा धर्तीची. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. नॉर्थ कॅरोलायनातल्या रुग्णालयांत दाखल झालेले, पंचावन्न किंवा अधिक वयाचे ५९६ रुग्ण, दोन वर्षांचा पाठपुरावा. देवानं टाकलं, देवाचं माझ्यावर प्रेम उरलं नाही, हे सैतानानं केलं असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका १९ ते २८ टक्के जास्त दिसला. आजाराची तीव्रता आणि नैराश्य हिशेबात धरूनही.

आता हा आकडा ऐकून नणंदेनं देवघर आवरायला धावू नये. ते मुळात आजारी लोक होते, बहुतेक ख्रिस्ती होते. शिवाय दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीनं दुसरी घडवली असं नाही. मी तो सांगितला तो एवढ्यासाठी की सासूबाईंच्या बोलण्याला कोणी ‘म्हातारपणाचा हट्ट’ म्हणू नये. ती खरी वेदना आहे, मुलाच्या दुःखावर आणखी एक.

आणि देवावर रागावणं म्हणजे देव सोडणं, हे कोणी ठरवलं? ज्यूली एक्सलाइन या संशोधिकेला हा राग श्रद्धाळूंमध्येही सर्रास आढळला. आपल्याकडे तर जनाबाईनं विठ्ठलाला शिव्या घातल्या, तुकोबांनी देव आपल्या लेखी मेला असं सुनावलं, आणि आपण ते अभंग टाळ्या वाजवत ऐकतो. घरातली म्हातारी तेच बोलली की मात्र आपल्याला धास्ती वाटते.

तेव्हा देवाची वकिली करू नका. ‘त्याचं आयुष्यच तेवढं होतं’, ‘चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात’ ही वाक्यं घरात बंद. पाहुण्यांनाही दारातच सांगून ठेवा. दिरांचं नाव घ्या, त्यांना काय आवडायचं ते बोला. घरोघरी पाहते, गेलेल्याचं नाव टाळायचं आणि देवाचं नाव लादायचं असं चालतं. दिवा तुमच्या समाधानासाठी लावा, त्यांना दिसावा म्हणून नको.

पूजेपेक्षा मला काळजी भजनी मंडळाची वाटते. ते सुटलं म्हणजे आठवड्यातून घराबाहेर पडणं सुटलं, हक्कानं चौकशी करणाऱ्या बायका सुटल्या. त्यातल्या दोघींना चहाला बोलवा, टाळ घरी ठेवून या म्हणावं. सासूबाई ‘माझ्याऐवजी त्याला का नेलं’ म्हणत राहतील, तर म्हणू द्या. पण जेवण-झोप उडाली असेल, दुःख पहिल्या महिन्याइतकंच तीव्र असेल किंवा जगणं नको झाल्याचं बोलत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला उशीर नको. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

प्रश्न : मी नास्तिक आहे. धार्मिक लोक जास्त जगतात असं संशोधन वाचलं. मग तब्येतीसाठी देवळात जाऊ का?
– संगणक अभियंता, बाणेर

उत्तर : तुम्ही वाचलंत ते बहुधा हार्वर्डचं. सुमारे ७४ हजार अमेरिकन परिचारिका, १६ वर्षांची पाहणी, २०१६ मध्ये प्रसिद्ध. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा प्रार्थनासभेला जाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्के कमी निघालं. पण मोजलं काय, तर सभेला जाणं. देव आहे असं मनात मानणं नव्हे. फरकाचा साधारण पाव हिस्सा माणसांच्या आधारानं आणि जवळपास तेवढाच धूम्रपान कमी असण्यानं समजावता आला. म्हणजे सिगारेट ओढत असाल तर सुरुवात तिथून करा.

आपल्याकडचा अभ्यास हवा असेल तर अलाहाबादच्या (आताच्या प्रयागराजच्या) माघमेळ्याचा आहे, २०१२ चा. महिनाभर गंगेकाठी थंडीत राहणारे ४१६ कल्पवासी आणि घरीच राहिलेले १२७ जण. मेळ्याच्या महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर विचारणा केली, तर एवढा कडाका आणि गोंगाट सोसून आलेल्यांनाच आधीपेक्षा बरं वाटत होतं. संशोधकांचं लक्ष होतं ते शेजारच्या अनोळखी माणसाविषयीच्या आपलेपणावर. तुम्ही हे नाटकाच्या ग्रुपमध्ये किंवा शनिवारी पहाटे सिंहगड चढणाऱ्यांत शोधू शकता. देवळात नुसतं आयुष्य वाढवायला गेलात तर ऑलपोर्टच्या पहिल्या रांगेत उभे राहाल, आणि ती पुण्यात आधीच बरीच लांब आहे.

प्रश्न : वडिलांची बायपास आहे. एका गुरुजींनी जपाचं अनुष्ठान सुचवलंय, खर्च मोठा आहे. उपयोग होतो का?
– वाचक, हडपसर

उत्तर : २००६ मध्ये अमेरिकेत बायपासच्या १८०२ रुग्णांवर असंच काहीसं तपासलं गेलं : दुसऱ्यांनी केलेल्या प्रार्थनेचा उपयोग होतो का. रुग्णाला नक्की कळू न देता प्रार्थना केली किंवा केली नाही, गुंतागुंतीचं प्रमाण सारखंच राहिलं : ५२ आणि ५१ टक्के. आपल्यासाठी प्रार्थना चाललीय हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्यात ते ५९ टक्के निघालं. कारण काय ते सिद्ध नाही. ‘माझं इतकं का बिघडलंय?’ असं मनात आलं असेल, असा एक अंदाज संशोधकांनी केला.

वडिलांना मनापासून हवं असेल तर घरी बसून जप करा, त्याला खर्च नाही. कर्ज काढून अनुष्ठान करू नका. पैसे राखून ठेवा, नंतर व्यायामासाठी फिजिओथेरपिस्ट लागेल. आणि पहिले पंधरा दिवस रात्री वडिलांजवळ कोण झोपणार, ते भावंडांनी आत्ताच ठरवून घ्या.